हाकेपुरतं नाव

लग्नाआधी माझ्या होणाऱ्या नवऱ्यानं मला एकच वचन दिलं होतं. नागपूरला अंबाझरी तलावाच्या काठावर, भाजलेल्या शेंगा खात खात. मी म्हटलं होतं, "साड्या, मानपान, तुमच्या बंगलोरकडच्या काय असतील त्या रीती, सगळं करीन. माझं नाव मात्र बदलायचं नाही." तो म्हणाला, "नाही बदलणार. तांदळात तुझंच नाव लिहीन." शेंगा संपेपर्यंत तरी तो वचनाला पक्का होता.

आमच्यात नवी सून घरात आली की लक्ष्मीपूजन होतं. ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा सोन्याच्या अंगठीनं त्यावर बायकोचं नवं नाव लिहितो. कुणीतरी ते मोठ्यानं वाचतं, पेढे वाटले जातात, आणि काल-परवापर्यंत एका नावानं वाढलेली मुलगी त्या घटकेपासून दुसऱ्याच नावाला ओ द्यायला लागते. तांदूळ, सोनं, पेढे, सगळं कसं मंगल. त्यामुळं तिथं रडायला आलं तर ते माहेरच्या आठवणीनं आलं असंच लोक धरून चालतात.

माझं नाव एका नदीचं. बाबा पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. मी जन्मले तेव्हा ते विदर्भातल्या एका लहानशा नदीवर बंधाऱ्याच्या कामावर होते. मुलगी झाल्याची तार हातात पडली तेव्हा समोर नदी वाहत होती, तिचंच नाव ठेवून दिलं, असं ते सांगायचे. आई मी लहान असतानाच गेली. त्यामुळं माझं नाव म्हटलं की मला बाबांचा आवाजच ऐकू येतो. कामावरून आले की फाटकातूनच हाक मारायचे, सायकल लावायच्याही आधी.

नव्वदीच्या सुरुवातीला मी लग्न होऊन बंगलोरला आले. चामराजपेटेतलं घर, लाल गुळगुळीत फरशी, मागं छोटं अंगण आणि अंगणातून गच्चीवर जाणारा अरुंद जिना. तीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर इकडं आलेलं आणि इथलंच होऊन गेलेलं हे मराठी घराणं. सासरे दोन-तीन वर्षांपूर्वी वारले होते. घरात सासूबाई, नवरा आणि आता मी. पाठराखीण म्हणून माझी चुलतबहीण आली होती.

ताट पुढं आलं. नवऱ्यानं अंगठी उचलली आणि आईकडं पाहिलं. सासूबाई तांदळाकडं बघत होत्या. त्यानं लिहिलं. ते माझं नाव नव्हतं. एका फुलाचं नाव होतं, जुन्या वळणाचं, तसं वाईट काहीच नव्हतं त्यात. चुलतबहिणीनं माझा हात घट्ट दाबला. मी नवऱ्याकडं बघत होते आणि तो तांदूळ नीट करत होता, जणू त्याला दुसरं कामच नव्हतं.

एकटा सापडल्यावर मी त्याला धरलं. "काहून लिहिलं ते?"

"आईनं आजवर माझ्याकडं काही मागितलं नाही," तो म्हणाला. "हे एकच मागितलं. का, ते तिनं सांगितलं नाही. मला विचारवलं नाही."

"आणि मी मागितलं होतं त्याचं काय?"

त्यानं ती अंगठी डबीत घालून कपाटात ठेवली. नव्या नवऱ्यांकडं बहुतेक प्रश्नांची उत्तरं नसतातच.

सासूबाई तशा मायाळू. ठेंगण्या, कमी बोलणाऱ्या, कामाला वाघ. मला जेवताना झणझणीत लागतं म्हणून त्यांनी माझ्यासाठी वेगळी चटणी करायला सुरुवात केली होती, आणि आमचं बोलणं समजायला जड जाई तेव्हा "स्वल्प हळू बोल गं, नागपूरची गाडी लई पळते," असं म्हणून हसायच्या. एकच गोष्ट मला असह्य व्हायची. त्या दिवसभर मला त्या फुलाच्या नावानं हाका मारायच्या. काम असो नसो. मी अंगणात असले की स्वयंपाकघरातून, स्वयंपाकघरात असले की अंगणातून. हाक मोठी नसायची, पण पहिलं अक्षर जरा लांबवून, लाडानं मारल्यासारखी. मी हातातलं टाकून जायची. "काय हो आई?" तर म्हणायच्या, "काही नाही. आहेस ना, बघितलं." मला वाटायचं, ही माझी तालीम चालली आहे. बैलाला नवी वेसण घातल्यावर दोन-चार दिवस उगाचच ओढून बघतात, तसं.

म्हणून मी नोकरी धरली. माणसं पगारासाठी नोकरी करतात. पगार मलाही नको होता असं नाही, पण इलेक्ट्रॉनिक सिटीच्या वाटेवरची धूळ मी रोज कंपनीच्या बसमधून खाल्ली ती नावासाठी. माझी सगळी सर्टिफिकेटं जुन्या नावाची. तिथं नदी नदीच होती. सकाळी बसमध्ये चढले की कुणीतरी मागच्या सीटवरून मला माझ्या नावानं हाक मारायचं आणि मला अंगातला घट्ट ब्लाउज काढून टाकल्यासारखं वाटायचं.

गंमत म्हणजे त्या ऑफिसात हौसेनं नाव बदलणाऱ्यांचाच बाजार भरला होता. एक केरळचा मुलगा अमेरिकेतल्या लोकांशी फोनवर बोलताना आपलं लांबलचक नाव कापून दोन अक्षरांचं साहेबी नाव सांगायचा. हळूहळू आम्हीही त्याला तेच म्हणायला लागलो, आणि एकदा त्याची आई भेटायला आली तेव्हा ती कुणाबद्दल विचारते आहे हे रखवालदाराला कळेना. माझ्या शेजारी बसणाऱ्या तमिळ मुलीनं कुणा ज्योतिषाच्या सांगण्यावरून नावात एक जादा अक्षर घातलं होतं. वर्षभरात लग्न जमेल म्हणाला होता. जमलं नाही, पण अक्षर तिनं राहू दिलं. म्हणाली, सवय झाली आता. मी तिची खूप थट्टा करायची.

थट्टा जिथं थांबली तो एक मराठवाड्यातला मुलगा होता. त्यानं कोर्टात जाऊन आडनावच काढून टाकलं होतं. नुसतं स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव. मी एकदा चहाला विचारलं, का रे? तो म्हणाला, "आडनाव सांगितलं की ताई, समोरचा माणूस आधी थोडा थांबतो. त्या थांबण्याचा मला कंटाळा आला." मला वाटलं, ह्याला कुणी नाव टाकायला लावलं नाही, पण ह्यानं तरी कुठं खुशीनं टाकलं आहे? तरी त्याचा मला हेवा वाटला. त्याचं नाव त्यानं स्वतः बदललं होतं.

रविवारी सकाळी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमधून मी बाबांना फोन करायची. पलीकडून पहिला शब्द माझं नाव. मग, "काय करून राहिलीस?" खरं सांगायचं तर त्यानंतरचं बोलणं झालं नसतं तरी चाललं असतं.

लग्नाला वर्ष होऊन गेल्यावर बाबा पहिल्यांदा आमच्याकडं आले. संत्र्याची करंडी आणि बर्फीचे डबे घेऊन, नवा शर्ट घालून. मला वाटलं, आता या घरात माझ्या नावाची हाक घुमेल, भिंतींनाही कळेल ही कोण आहे ते. दुपारी जेवायला बसलो. सासूबाई आग्रह करत होत्या, बाबा संकोचून "पुरे, पुरे" म्हणत होते. आणि मग बाबांनी माझ्याकडं पाहिलं, जरा अडखळले आणि त्या फुलाच्या नावानं हाक मारून म्हणाले, "थोडं ताक वाढशील का, बेटा?"

मी ताकाचं भांडं हातात धरून तशीच उभी राहिले. सगळ्या जगानं मला त्या नावानं हाक मारली असती तर मी सहन केलं असतं. बाबांनी मारायला नको होती.

स्टेशनवर सोडायला मी एकटीच गेले. रिक्षात विचारलं, "बाबा, तुम्ही काहून म्हटलं तसं?"

"अगं, लोकांच्या घरी आलो मी. त्यांनी एवढ्या हौसेनं ठेवलं नाव. मुलीच्या बापानंच ते घेतलं नाही तर त्यांना वाईट वाटेल ना बेटा."

"आणि मला?"

ते चष्मा काढून पुसत बसले. मग म्हणाले, "तुला फोनवर म्हणतोच ना मी." रिक्षावाल्यानं स्टेशन आल्याचं सांगितलं आणि आम्ही उतरलो.

त्याच संध्याकाळी मी घर डोक्यावर घेतलं. आम्ही नागपूरचे लोक भांडतो ते आमच्या रश्श्यासारखं, आधी वर तर्री दिसते आणि खाली काय आहे ते घोट घेतल्यावर कळतं. मी नवऱ्याला सांगितलं, सासूबाईंना ऐकू जाईल अशाच आवाजात सांगितलं, की उद्यापासून या घरात कुणी मला त्या नावानं हाक मारली तर मी ओ देणार नाही. दिवसभर मारली तरी देणार नाही.

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या. मला वाटलं, आता रडणं, उपास, देवाच्या शपथा असं काही सुरू होईल. त्या म्हणाल्या, "सरी," म्हणजे कन्नडातलं 'बरं'. मग म्हणाल्या, "तुझं तुला राहू दे." आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून हाका बंद झाल्या. माझ्या नावानंही त्या मला हाक मारत नव्हत्या, बहुतेक जीभ वळत नसावी. "अगं", "ऐकलंस का", एवढ्यावर भागवायच्या. घर एकदम शांत झालं. मी जिंकले होते, आणि जिंकल्यावर करायचं काय हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

पुढं एका शनिवारी दुपारी मी बाहेरच्या खोलीत इस्त्री करत होते. नवरा कामावर होता. सासूबाई आत तांदळाचं पीठ मळत होत्या. फाटक वाजलं आणि बाहेरून कुणा बाईनं खणखणीत हाक मारली. त्या फुलाच्या नावानं.

माझं टाळकं सणकलं. सगळ्या नात्यागोत्याला हे नाव सांगून ठेवलं आहे वाटतं. मी हट्टानं जागची हलले नाही. एकदा बोलले ते बोलले. बाहेरून पुन्हा हाक आली, आधीपेक्षा मोठी.

आणि आतून ओ आली.

तो आवाज मी त्या घरात कधी ऐकला नव्हता. लांब, उंच, खेळ टाकून पळत येणाऱ्या मुलीचा असतो तसा. सासूबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या, पदर खोचलेला, दोन्ही हात कोपरापर्यंत पिठाचे. माझ्या शेजारून गेल्या पण मी त्यांना दिसले नाही. फाटकाशी एक म्हातारी बाई उभी होती, डोळ्याला हिरवी पट्टी. पिठाच्या हातांनी धरता येईना म्हणून दोघी एकमेकींच्या खांद्यावर कपाळ टेकून उभ्या राहिल्या. मी इस्त्री बाजूला ठेवली, नाहीतर शर्ट जळला असता.

ती सासूबाईंची बालमैत्रीण होती, त्यांच्या माहेरची, संडूरची. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी इथं बंगलोरात, महादेवपुऱ्याला कारखान्यात कामाला असलेल्या मुलाकडं आली होती आणि लग्नानंतर पहिल्यांदाच दोघी भेटत होत्या. मी कॉफी केली. ती बाई बोलत होती आणि प्रत्येक वाक्यात ते नाव घेत होती. "हिचे वडील डोंगराच्या पायथ्यापासून हाक मारायचे, आम्ही वर सीताफळं काढत असू. अख्ख्या गावाला ऐकू जायचं. आणि ही वरनं ओ द्यायची ती खाली पोचायची." सासूबाई मान खाली घालून हसत होत्या. मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं.

मग ती बाई माझ्याकडं वळली. "आणि तुझं नाव काय गं, पोरी?"

काय सांगायचं होतं मी? उत्तर सासूबाईंनी दिलं. त्यांनी माझं नाव सांगितलं. नदीचं. पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून ते नाव आलं, आणि अगदी नीट आलं. म्हणजे जीभ वळत नव्हती असं नव्हतं.

ती बाई गेल्यावर मी विचारलं, "आई, तुम्ही सांगितलं का नाही?"

त्या ओट्यावरचं वाळलेलं पीठ खरवडत होत्या. "काय सांगायचं? माझं लग्न झालं, सासूनं नाव बदललं. सगळ्यांचंच बदलतात. माझ्या मागचे भाऊ सगळे अक्का म्हणायचे. हे तर 'अगं'च म्हणायचे. माहेरी गेलं की अप्पा आणि आई तेवढे नावानं हाक मारायचे. ते गेले." पीठ खरवडता खरवडताच म्हणाल्या, "मग ऐकायलाच आलं नाही कधी. मुलाला तरी कुठं ठाऊक आहे? कुणी दुसरं मारत नाही, तर मीच मारीन म्हटलं. घरात तेवढं नाव फिरत राहील."

म्हणजे त्या हाका मला नव्हत्याच. मला रागही आला आणि रडूही आलं, आणि दोन्ही कुणावर काढावं ते कळेना.

"तुला दुखेल हे मला कळायला पाहिजे होतं," त्या म्हणाल्या. "मला दुखलं होतं की."

मी म्हटलं, "मारा तुम्ही हाक. मी ओ देईन."

"नको. आता तुला कळलं. आता तू माझी दया येऊन ओ देशील."

त्या दिवसापासून त्या मला माझ्या नावानं हाक मारायला लागल्या. कधी चुकल्या नाहीत. मी भांडून मागितलं होतं ते माझ्या पदरात पडलं, आणि दर वेळी ते ऐकलं की वाटायचं, आईंच्या नावाचं काय? फुलाचं नाव आता घरात कुठंच नव्हतं. ते त्यांच्या तोंडात अडकून राहिलं होतं, आणि मला त्या लांबवलेल्या पहिल्या अक्षराची आठवण यायला लागली. ज्या हाकेनं मी चिडायची ती ऐकायला मी संध्याकाळी अंगणात उगाच रेंगाळायची.

मला दिवस गेले. मला वाटलं, सुटला प्रश्न. मी म्हटलं, "आई, मुलगी झाली तर तुमचंच नाव ठेवू. मग मारा हाका दिवसभर."

त्यांचा चेहरा क्षणभर उजळला आणि मग त्यांनी मान हलवली. "नको गं. तीपण उद्या कुणाच्या घरात जाईल. तिथंही तांदूळ असतीलच."

आता उरला होता एकच उपाय, आणि तो करण्यासारखा नव्हता. सुनेनं सासूचं नाव घ्यायचं नसतं. आमच्या नागपूरच्या घरात तर माघारीसुद्धा घेत नसत. आणि इथं नुसतं घ्यायचं नव्हतं, तर एकेरी, मैत्रीण मारते तशी हाक मारायची. मी आंघोळ करताना नळ मोठा सोडून ते नाव म्हणून पाहायची आणि माझीच मला लाज वाटायची. सून ती, आणि सासूला एकेरी. कुणी ऐकलं तर माझ्या बाबांना नावं ठेवतील. तरी त्या घरात त्यांना हाक मारू शकेल असं मी सोडून कुणी नव्हतं.

मला सातवा लागला होता. दुपारी घरात आम्ही दोघीच. सासूबाई गच्चीवर संडिगे वाळत घालून कावळे हाकत बसल्या होत्या. संडिगे म्हणजे आपल्या कुरडया-सांडग्यांचंच इकडचं भावंड. मी अंगणात जिन्याच्या पायथ्याशी उभी राहिले. डोळे मिटले आणि वर तोंड करून हाक मारली. फुलाच्या नावानं. पहिलं अक्षर लांबवून, पुढं 'गं' लावून.

वरून काहीच आलं नाही. काठीचा आवाजही थांबला.

मला वाटलं, केला अगोचरपणा. मी भिंतीला धरत धरत, एकेका पायरीवर दम खात वर गेले. सासूबाई माझ्याकडं पाठ करून बसल्या होत्या. काठी मांडीवर पडली होती आणि दोन कावळे धोतराच्या पानावरचे संडिगे खुशाल खात होते.

"आई," मी म्हटलं, "रागावलात?"

त्यांनी मान वळवली नाही. पदरानं तोंड पुसलं.

"आणखी एकदा मार," त्या म्हणाल्या. "इथनं नको. खालनं मार, लांबनं."

मी भिंतीला हात लावून पुन्हा जिना उतरायला लागले.